सोमवारची सुई

कोल्हापूर,
२२ जून १९९७

प्रिय चन्नू,

आज सकाळी खोकल्याचं औषध चमच्यात ओतताना वसतिगृहाचा तो मागचा व्हरांडा डोळ्यांपुढे आला. शनिवारची रांग, सिस्टर बेनेडिक्टांच्या हातातली चौकोनी बाटली आणि सगळ्या मुलींना एकाच चमच्याने माशाचं तेल. तू ते तोंडात घ्यायचीस आणि गाल फुगवून उभी राहायचीस. मी सिस्टरना काहीतरी विचारत राहायची, या महिन्यात कोणत्या संतांचा सण आहे वगैरे, तेवढ्यात तू नळापाशी पोचलेली असायचीस. वर सिस्टर म्हणायच्या, बघा, चन्नम्मा कशी मुकाट्याने घेते. शाळा सुटेपर्यंत त्या तेलाचा थेंब तू पोटात जाऊ दिला नाहीस, आणि तरी माझ्यापेक्षा जाड होतीस.

अंजू नीट घरी पोचल्याचं तुझ्या राजशेखरने फोनवर सांगितलं. पण तुमचा फोन दुकानात, आणि दुकानात मिरचीचे भाव ओरडणारे लोक, त्यामुळे मला निम्मं कळलंच नाही. म्हणून पत्र. तुम्ही तिघी गेल्यापासून घर भकास वाटतं. तुझी नात अंजू इस्पितळातल्या डॉक्टरांना म्हणाली होती, "आधी तुम्ही टोचून घ्या, मग मी घेते," आणि त्या बिचाऱ्यांनी खरंच कोरी सुई स्वतःच्या दंडात टोचून दाखवली होती. तो किस्सा मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आमचे हे म्हणतात, ही मुलगी वकील होणार.

आता कामाचं. तुझी सून स्नेहल सकाळी लवकरच्या एसटीने शाळेवर शिकवायला जाते, तेव्हा सकाळ-संध्याकाळची सुई तुझ्याकडेच असणार. शेवटच्या दिवशी डॉक्टर बोलले तेव्हा तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्यांनी मला समजावलं ते तसंच लिहिते. अंजूच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. मोठ्या माणसांच्या मधुमेहासारखं हे नाही, पथ्याने किंवा गोळीने भागत नाही. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर असूनही शरीराला ती वापरता येत नाही, मग शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. या वेळी तेच झालं होतं. आपण कावीळ समजून उसाचा रस पाजत होतो. खूप तहान, वारंवार लघवी, मग पोटदुखी, ओकाऱ्या, मग धाप लागल्यासारखा खोल श्वास आणि श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास. मला तर तो नखांच्या रंगाची बाटली उघडल्यासारखा वाटला होता. यातलं काही दिसलं तर वाट न बघता निघायचं.

बाटली फ्रीजच्या दारात ठेव, वर बर्फाच्या कप्प्यात नको. अंजूला पापा.

तुझी
विजू


गडहिंग्लज,
३ जुलै १९९७

प्रिय विजू,

मी जाड होते हे चाळीस वर्षांनी काढायची गरज नव्हती. तू काडी होतीस, हे मी कुणाला सांगत फिरत नाही.

सुई आता जमते. पहिल्या दिवशी मी सुई तीनदा मागे घेतली. अंजू म्हणाली, "आज्जी, तू डोळे मीट, मी टोचून घेते." दोघी हसलो. मग झालं. लघवीची तपासणीही मीच करते, ते निळं औषध घालून नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं की अंजू टाळ्या वाजवते, विटेसारखं लाल झालं की माझ्याकडे रागाने बघते, जसं काही मी रंग दिला.

शेजारची चिमणाबाई रोज दारात येऊन उभी. मागच्या आठवड्यात म्हणाली, "पोरीला सारखं टोचताय व्हय? कुणाची तरी नजर लागली म्हणायची की." अंजू आतून ओरडली, "नजर न्हाई काकी, साखर हाय. तुम्ही लई पेढं खाताय, तुम्हाला पण टोचत्यात बघा." चिमणाबाई दोन दिवस फिरकली नाही. बरंच झालं.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती घरात कुणालाही सांगितलेली नाही. औषधाची नवी बाटली आणली, तिच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक इंग्रजी शब्द होता, बोव्हाइन. सिस्टरांनी घोकून घेतलेलं इंग्रजी असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. तरी अंजूच्या आईचा शब्दकोश काढून पाहिलं. मग दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "व्हय आज्जी, जनावराचंच असतंय ते, गाईगुरांच्या पोटातल्या गाठीचं. सगळीच घेत्यात."

विजू, आमच्या लिंगायतांच्या घरात अंडं आलेलं नाही. मी लग्नाआधी जशी होते तशीच आहे, गळ्यात लिंग आहे, पूजेआधी पाणीही घेत नाही. आणि रोज दोन वेळा मी माझ्या हाताने ते नातीच्या अंगात घालते आहे. श्रावणात दुसऱ्या सोमवारी तिची लिंगदीक्षा ठरली आहे. मठाच्या स्वामींनी दिवस काढून दिला, सोनाराकडे लिंगाची डबी टाकली, पाहुण्यांना निरोप गेले. त्याच अंगावर लिंग बांधायचं?

राजशेखरला सांगितलं तर तो हसेल. स्नेहल हसणार नाही, पण रात्री नवऱ्याला सांगेल. तू शहाणी आहेस, तू विचार. दुसरं काही मिळतं का? मी औषध थांबवणार नाही, घाबरू नकोस.

तुझी
चन्नू


कोल्हापूर,
१२ जुलै १९९७

प्रिय चन्नू,

तुझं पत्र मिळालं. मला हे माहीत नव्हतं. ह्यांना विचारलं तर ह्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरळ डॉक्टरांकडे गेले. वाटलं होतं हसतील, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "आजींनी खोकं वाचलं हेच विशेष. बाकी कुणी वाचत नाही."

ऐक. दुसरं औषध आहे. ते जनावराचं नसतं, कारखान्यात तयार करतात, माणसाच्या इन्सुलिनसारखंच. कोल्हापुरात ते कायम मिळत नाही, महाग पडतं म्हणून दुकानदार ठेवत नाहीत. आमच्या औषधवाल्याने मुंबईहून मागवायचं कबूल केलं आहे. आलं की थर्मासमध्ये बर्फ घालून गडहिंग्लजच्या गाडीत कंडक्टरकडे देईन. राजशेखरने स्टँडवर उतरवून घ्यायचं. दीक्षेच्या आधी पोचवायचा मी पुरता प्रयत्न करते.

आणि तुझ्या मनाला लागलं आहे त्याबद्दल सांगते. तुला वाटतं ते जनावराचं काही अंजूच्या अंगात साठून राहतं. तसं नाही. डॉक्टर म्हणाले, हे औषध अंगात एक दिवसही टिकत नाही, आज दिलेलं उद्या पूर्ण निघून गेलेलं असतं, मागे काही शिल्लक राहत नाही. तेव्हा उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. नवी बाटली सुरू झाली की दुसऱ्या दिवशी अंजू तुला हवी तशीच असेल.

तोवर आहे तेच चालू ठेव. एक वेळही चुकवायची नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

दीक्षेला मला यायचं होतं, पण ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे. अंजूला कोणत्या रंगाचं परकर-पोलकं शिवलं ते सविस्तर लिही.

तुझी
विजू


गडहिंग्लज,
११ ऑगस्ट १९९७, सोमवार

प्रिय विजू,

दीक्षा झाली. पाहुणे जेवून पांगले, अंजू आत झोपली आहे, आणि मी पहिलं काम म्हणून तुला लिहायला बसले. राजशेखर उरलेल्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायला जाईल, तेव्हा पत्र पेटीत टाकेल.

हिरवं परकर-पोलकं शिवलं होतं, काठ जांभळे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष. तू पाहायला हवी होतीस. गेले दोन दिवस ती थोडी किरकिर करत होती, सर्दी होती, अंग कोमट होतं. मला धास्ती होती की पाटावर चुळबुळ करील, स्वामींना काहीतरी उलट विचारील. पण विजू, ती अशी बसली की आम्ही सगळे बघतच राहिलो. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग, डोळे अर्धे मिटलेले. श्वास खोल, एका लयीत, दूरवर बसलेल्यालाही ऐकू यावा असा. चेहरा लाल, तेज आल्यासारखा. स्वामींनी कानात मंत्र सांगितला तरी पापणी हलली नाही.

नेसरीहून आलेले माझे चुलतदीर हंबीरराव म्हणाले, "वहिनी, आमी इतक्या दीक्षा बघितल्या, असं मूल न्हाई बघितलं. समाधी लागली की पोरीला." चिमणाबाई पुढे होऊन तिच्या पायाशी डोकं टेकून आली. ती गेली म्हणून मग बाकीच्या बायकाही गेल्या. पायांवर बेल आणि फुलं साचली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. स्नेहल तेवढी मधेच येऊन म्हणाली, "आत्याबाई, ही अशी का श्वास घेतीया?" मी म्हटलं, गप, बघ जरा, तुझ्या पोटी काय जन्माला आलंय.

तुझी बाटली काही आली नाही. आम्ही शुक्रवारपर्यंत वाट पाहिली. पण तू लिहिलं होतंस ना की ते अंगात एक दिवसही टिकत नाही, त्याने माझा मोठा घोर मिटला. शनिवार सकाळपासून मी सुई बंद ठेवली. म्हटलं सोमवारपर्यंत तिचं अंग स्वच्छ होईल. आणि धोकाही काही नव्हता. शनिवारपासून तिला फक्त फळं आणि थोडं दूध, आज पूजेपर्यंत तेही नाही. पोटात अन्नच नाही तर साखर वाढेल कशाने? दीक्षेच्या घरात लघवीची नळी कुठे तापवायची म्हणून तपासणीही ठेवली नाही. स्नेहलला काही बोलले नाही. अंजूला सांगितलं, सोमवारनंतर देते. ती तर उड्या मारायला लागली.

उपवासाची तहान मात्र फार लागली होती तिला, रात्री उठून उठून पाणी पीत होती. पहाटे एकदा उलटी झाली, पित्ताची. जवळ घेतलं तर तोंडाला फळांचा गोड वास. फळांवरच होती, येणारच.

आता उठली की गव्हाची खीर देते, बिनसाखरेची, आणि उद्या सकाळपासून सुई सुरू.

तुझी
चन्नू


कोल्हापूर,
१३ ऑगस्ट १९९७

चन्नू,

तुझं पत्र आज दुपारी पोस्टमनने घरी दिलं. ह्यांनी डोळ्यावर पट्टी असताना रिक्षा करून ते इस्पितळात आणून दिलं, त्यांना वाटलं दीक्षेचं वाचून मला बरं वाटेल. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाक आहे, तिथे बसून मी ते वाचलं. फुलांपर्यंत वाचलं आणि पुढची ओळ दिसेना. मग परत पहिल्यापासून वाचलं. अंजू आत काचेपलीकडे होती.

राजशेखर तुला फोनवर काय बोलला ते मला माहीत आहे, मी शेजारीच होते. तो भानावर नव्हता. तुला कुणी नीट काही सांगितलेलं नसणार, म्हणून मी लिहिते. स्नेहलचा मामेभाऊ संध्याकाळी जीप घेऊन परत जाणार आहे, त्याच्याकडे देते.

सोमवारी ती जागीच होईना म्हणून रात्री इथे आणली, जीपमधून उतरवली तेव्हा ती हाक मारली तर डोळे उघडत होती, एवढंच. डॉक्टरांनी वाकून तिच्या श्वासाचा वास घेतला आणि दुसरं काही विचारायच्या आत सलाईन लावायला सांगितलं. मग स्नेहलला विचारलं, सुई शेवटची कधी दिली. स्नेहल म्हणाली, रोज देतो, सासूबाई देतात, कधी चुकत नाही. अंजूने डोळे न उघडता सांगितलं, "आज्जी सोमवारनंतर देणार हाय."  त्यानंतर स्नेहल तुझ्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मला त्याचीच भीती वाटते.

रात्रभर इन्सुलिन अगदी थेंब थेंब सोडत होते. साखर हळूहळूच उतरवावी लागते म्हणाले, घाई केली तर चालत नाही. मंगळवारी सकाळी ती उठली. खरंच उठली, चन्नू. मला म्हणाली, "मावशीआज्जी, माझं परकर-पोलकं कुणी काढलं?" पाणी मागितलं. राजशेखर बाहेर जाऊन रडला आणि येताना सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. आम्ही समजलो, सुटलो.

अकराच्या सुमाराला डोकं दुखतं म्हणायला लागली. मी कपाळ चेपून दिलं. मग म्हणाली, दिवा का मालवला. दिवा चालू होता. नर्स धावत गेली. डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, आणि आम्हाला बाहेर काढलं. मेंदूला सूज आली आहे. रक्तात आम्ल फार झालेल्या मुलांमध्ये असं होतं, शंभरातल्या एखाद्याला, आणि बहुतेक वेळा औषध सुरू करून मूल सुधारतंय असं वाटत असतानाच होतं. का होतं हे पूर्ण कुणालाच सांगता येत नाही, पण जितकं उशिरा आणि जितकं कोरडं पडलेलं मूल येतं, तितका धोका जास्त. सूज उतरवायचं औषध दिलं. आता यंत्र तिच्यासाठी श्वास घेतं.

चन्नू, तुझ्या पत्रातलं ते सगळं, तो श्वास, तो लाल चेहरा, ते अर्धे मिटलेले डोळे. मी तुला जूनमध्ये लिहिलं होतं. तू ते वाचलं होतंस.

मी आणखी लिहू शकत नाही. तू ये. राजशेखर नको म्हणाला तरी ये, माझ्या घरी उतर.

विजू


गडहिंग्लज,
१४ ऑगस्ट १९९७

विजू,

मी येणार नाही. राजशेखर फोनवर म्हणाला, तू इथे आलीस तर मी उठून जाईन, आणि पोरीजवळ बाप हवा.

जून महिन्यातलं तुझं पत्र मी आज काढून वाचलं. सगळं त्यात आहे. मी तेव्हाही वाचलं होतं आणि लक्षातही होतं. पण तू लिहिलं होतंस ते आजारी अंजूचं. ही पाटावर बसली होती, भस्म लावून, स्वामी समोर होते. ही ती आहे असं माझ्या मनात आलंच नाही. तू सांग, तुझ्या आलं असतं का?

मला एक समजत नाही आणि इथे विचारायला कुणी नाही. डॉक्टरांना विचार. तिने काही खाल्लं नव्हतं. मग साखर आली कुठून? मी तिला साखरेचा दाणा दिला नाही. फळंही मोजून दिली. ते म्हणतील की चुकलं, तर चुकलं, पण कसं ते मला कळू दे.

तू लिहिलं होतंस, एक दिवसही टिकत नाही, मागे काही राहत नाही. मी एवढंच धरलं. खालची ओळही वाचली होती, एक वेळही चुकवायची नाही. पण मला वाटलं, ती रोजच्या दिवसांसाठी आहे.

चिमणाबाई मघाशी येऊन गेली. विचारत होती, "पोरगी शुद्धीवर आली का? आमी तिच्या पाया पडलोय ओ." मी दार लावून घेतलं.

स्नेहल जेवते का?

चन्नू


कोल्हापूर,
२९ ऑगस्ट १९९७

प्रिय चन्नू,

तुमच्या मळ्यात त्या दिवशी मी तुझ्या समोरच उभी होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून मीही जवळ आले नाही. तुमच्यात बसवून पुरतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. तिला मांडी घालून बसवली, तेच परकर-पोलकं, तसंच भस्म, डाव्या तळहातावर तेच लिंग. स्वामीही तेच होते. मला वाटलं तू कोसळशील. तू हललीही नाहीस. मी मात्र तुझ्या पत्रातलं सगळं पुन्हा एकदा पाहत होते, फक्त श्वास नव्हता.

तू विचारलेलं मी डॉक्टरांना विचारलं. अंजू गेल्यावर मला त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटत होती, पण तू विचारलं होतंस. ते म्हणाले, साखर फक्त खाण्यातून येत नाही. उपाशी शरीर स्वतःच साखर तयार करतं, यकृतात. इन्सुलिन जेवणासाठी नसतं, जगण्यासाठी असतं. खाल्लं नाही तरी लागतं, ताप असेल तर जास्तच लागतं. डोस किती, हे ते सांगतात, पण पूर्ण बंद कधीच करायचं नाही. त्यांनी हेही सांगितलं की उलट्या होतायत, जेवत नाही, म्हणून सुई न देणारे पुष्कळ आहेत. शिकलेले आहेत. एका प्राध्यापकांच्या घरातही झालं होतं.

आता माझं ऐक. ते वाक्य, एक दिवसही टिकत नाही, डॉक्टरांनी मला इशारा म्हणून सांगितलं होतं. त्यांचं पूर्ण वाक्य असं होतं की, हे एक दिवसही टिकत नाही म्हणून रोज द्यावंच लागतं. मी त्याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा तुला बरं वाटावं म्हणून वर लिहिला, गोड करून, आणि दुसरा खाली, वेगळा. तुझं पत्र बाकावर वाचल्यापासून मी हेच मनात उलटंसुलटं करते आहे. मी तुला समजूत घालणारं पत्र लिहिलं, आणि तू त्याप्रमाणे वागलीस.

मी हे स्नेहललाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघी एकमेकींना पत्रं लिहीत होता. मी त्याच घरात होते. मला का नाही विचारलं?" 

मुंबईहून औषध आलं, तीन बाटल्या. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. औषधवाला फोन करून उत्साहाने सांगत होता. त्या माझ्या फ्रीजच्या दारात आहेत, आणि मी दूध काढायला दार उघडते तेव्हा प्रत्येक वेळी दिसतात. तिचं दप्तरही इथेच राहिलं, जीपमधून कुणी आणलं होतं देव जाणे. इस्पितळात तुमच्याच भागातली एक मुलगी भेटली, नेसरीच्या पलीकडच्या वाडीतली. अंजूएवढीच, तोच आजार. बाप कृष्णात, शेतकरी, बरोबर बायको आणि म्हातारी आई. दर महिन्याला तपासणीला येतात. बाटल्या त्यांना द्याव्यात असं माझ्या मनात आहे, पण तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन.

तुझी
विजू


गडहिंग्लज,
२१ सप्टेंबर १९९७

प्रिय विजू,

तू वाक्याचे तुकडे केलेस, ते मी एकत्र वाचायला हवे होते. दोन्ही एकाच कागदावर होते. याबद्दल पुन्हा लिहू नकोस. तुझ्या वाट्याचं तू उचललंस, माझं मला उचलू दे.

स्नेहल माहेरी निपाणीला गेली आहे. जाताना पाया पडली. मी म्हटलं, पडू नकोस. ती म्हणाली, "सवय आहे, आत्याबाई." राजशेखर दुकानातच जेवतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो, पण बोलतो. परवा म्हणाला, "अव्वा, तुझी पूजा आटप, गाडी यायचीय." मी म्हटलं, झाली. झाली नव्हती. मी आता लिंग हातात घेते आणि बसते, तिचा तो श्वास कानात येतो, मग ठेवून देते. स्वामींना हे सांगितलं. ते म्हणाले, बसत राहा. ते स्वतः फार खचले आहेत. त्यांनी निरोप पाठवलाय सगळीकडे, मूल आजारी असेल तर दीक्षेला आणू नका, औषध घेऊन आणा, औषधाला सोवळं-ओवळं नाही. त्यांनी हे आधी सांगितलं असतं तर, असं माझ्या मनात येतं. पण मी त्यांना आधी विचारलंच कुठे? मी खोकं वाचलं आणि स्वतःच ठरवलं.

आता तू विचारलंस त्याचं लिहिते. जसं लिहिते तसंच कर.

दप्तर स्नेहलला निपाणीला पोचव, ह्या घरी पाठवू नकोस. आतल्या वह्या काढू नकोस, चाळूही नकोस, बंद तसंच दे. कंपासपेटी त्यात असेल, ती तिच्या वर्गातल्या शांभवीची आहे, अंजूने अदलाबदल केली होती. स्नेहलच्या मनात आलं की तीच परत करील, तू सांगू नकोस.

लिंगाची चांदीची डबी सोनाराकडून उशिरा आली, दीक्षेत आम्ही दुसरीच वापरली होती. ती मठाला दिली.

सुया, काचेची सिरिंज आणि तपासणीच्या नळ्या मी उकळून, पुसून बांधल्या आहेत. राजशेखर पुढच्या आठवड्यात बाजारसमितीच्या कामाला कोल्हापूरला येईल, त्याच्याकडे देते. त्या आणि तुझ्या फ्रीजमधल्या तिन्ही बाटल्या कृष्णातच्या मुलीला.

पण बाटल्या कृष्णातच्या हातात देऊ नकोस. त्याच्या बायकोच्याही नको. त्यांच्या घरात उपवास कोण धरतं ते आधी विचार. म्हातारी धरत असेल, तर तिला बाकावर शेजारी बसव आणि तिच्याच हातात दे. उपाशी दिवशीही लागतं, हे तिला सांग. सणाला, पूजेला, ओकारी झाली तरी लागतं म्हणून सांग. ती मान हलवील, सगळ्या हलवतात. तेवढ्यावर सोडू नकोस. माझं नाव सांग, गावही सांग, आणि मी काय केलं ते तिला पहिल्यापासून सांग.

चन्नम्मा